रोह्यांचं पाणी

पाटबंधारे खात्यात धरण भरो न भरो, किस्से दर उन्हाळ्यात भरतातच. बहात्तरच्या दुष्काळात तर आमच्या धरणात नुसता गाळ होता आणि किस्से मात्र फुल लेव्हलला!

मी तेव्हा बुलढाण्याच्या घाटाखाली एका लहानशा धरणावर ओव्हरसियर होतो. खाली नदी कोरडी ठाक. पुढे जंगलात एकच डोह उरला होता आणि तो आटला तर जनावरं तडफडून मरणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. म्हणून अधूनमधून थोडं पाणी नदीत सोडायचं ठरलं. रेंजर वानखडे साहेब त्या डोहापायी अक्षरशः झोपत नसत. मला तेव्हा त्यांचं हसू यायचं.

*

आमच्या खात्याचा रिवाज असा, की कुणाची तरी मागणी असल्याशिवाय पाणी सुटत नाही. मोठे साहेब पाहणीला आले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "मागणी कुणाची?"

"अस्वलाची," वानखडे म्हणाले.

"त्याला सही येते?"

"सही नाही येत साहेब, अंगठा देतं. घ्यायला तुम्ही येता का?"

मोठे साहेब चहा न पिताच जीपमध्ये बसले. पाणी मात्र मंजूर झालं!

*

कोरड्या नदीत पाणी सोडलं की त्याच्या तोंडासोबत कुणीतरी चालत जायचं असतं, म्हणजे वाटेत कुणी ते वळवत नाही. पहिल्या खेपेला मी निघालो. मलकापूरहून आणलेले नवे कॅनव्हासचे बूट, जवानीचा जोश! सपासप चालत मी डोहावर पोचलो आणि वानखड्यांना सलाम ठोकला.

"पाणी कुठाय?"

"मागून येतंय, साहेब."

वाळू पाणी पिते हे मी विसरलोच होतो. पाणी उगवलं दुसऱ्या दिवशी! वानखडे तोवर ज्याला त्याला सांगत होते, "वाजंत्री आली, नवरदेव रस्त्यात आहे."

*

डोहाच्या वाटेवर संपतराव सरपंचांचं गाव. तिथल्या विहिरींनीही तळ गाठलेला. पुढच्या खेपेला पाणी गावाजवळ आलं आणि भागाबाईच्या म्हशी त्यात जाऊन ऐसपैस बसल्या. उठायचं नावच नाही! वानखडे ओरडले, "बाई, हे पाणी जनावरांसाठी आहे!"

भागाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग? माही म्हैस काय तहसीलदार हाय?"

*

गेटवर होते रहीमभाई. माणूस देवासारखा, पण गेट बंद करायची वेळ झाली की नेमकी संपतरावांची शिदोरी यायची. भाकर, ठेचा, वर कांदा. मी ओरडायचो, "रहीमभाई, गेट!"

"हात खरकटा हाय साहेब! खरकटा हात गेटाले कसा लावू?"

तेवढ्या वेळात गावाच्या वाट्याला चार हंडे जास्तीचं पाणी यायचं. हे वानखड्यांना कळलं. आता पेटणार, असं मला वाटलं. पुढच्या खेपेला गेट बंद करायच्या वेळेला दोन डबे आले. दुसरा रेंजरसाहेबांनी धाडलेला!

*

मग शेवटचं पाणी सुटलं. धरणात पुढे सोडायला काही उरलंच नव्हतं. डोहात नुसता चिखल, आणि पावसाचा पत्ता नाही. या खेपेला सोबत चालायला रहीमभाई होते. वानखडे आणि मी डोहाकाठी बसलो. दुपार कलली तरी पाणी येईना.

शेवटी रहीमभाई एकटेच आले, मान खाली घालून. "हंडे भरायले गावानं बांध घातला साहेब. मी काही करू शकलो नाई."

वानखडे ताडकन उठले. "आज बघतोच एकेकाला!" आम्ही नदीतून उलटे निघालो. खरं सांगतो, मलाही राग आला होता. रोह्यांनी, म्हणजे नीलगाईंनी, हरभरा फस्त केला म्हणून याच संपतरावांनी जंगलाच्या नावानं किती शिव्या दिल्या होत्या! आता बरा सूड उगवला, असं मला वाटलं.

गावाजवळ नदीत आडवा मातीचा बांध होता. मागे पाणी तुंबलं होतं. काठावर सगळं गाव उभं होतं, पण एकाही बाईचा हंडा भरलेला नव्हता. भागाबाईनं म्हशींची दावी हाताला घट्ट गुंडाळून धरली होती. आणि भर उजेडात, गावाच्या डोळ्यांदेखत, पाण्यात तोंड घालून रोह्यांचा कळप उभा होता. बरगड्या दिसत होत्या. पिल्लंसुद्धा होती.

वानखडे तोंड उघडणार, तोच संपतरावांनी त्यांचा हात धरला.

"दमानं साहेब. त्याईचं पिऊन होऊ द्या."

"आणि बांध?" वानखडे कुजबुजले.

"फोडतो न. हे गेले का फोडतो. फकस्त तुमचे बूट वाजवू नका."

वानखडे तिथंच वाळूत बसले आणि बूट काढायला लागले.