आक्कानं पाहिलेला सिनेमा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला तरी कसं सांगू — सिनेमापासून सुरुवात करतो, ते सोपं आहे.

सिनेमा तसा गोड होता. आईबाप आणि दोन पोरं, जंगलात वाट चुकलेली. गाळात रुतलेलं हत्तीचं पिल्लू चौघं मिळून ओढून काढतात, तिथं मीही डोळे पुसले. पण चार दिवस रानात हिंडून आईच्या कपड्यांवर एक डाग नाही, आणि वाघ तर उघड उघड कॉम्प्युटरवरचा.

माझी थोरली बहीण, आक्का, कुंडलहून आठ दिवसांसाठी साताऱ्याला आली होती. साठीत पहिल्यांदा थिएटर बघत होती. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलेलं. ऐकायला कमी यायचं, म्हणून बोलणंही मोठ्यानं. पडद्यावरचा बाप दोराला धरून नदीत उतरला, तशी ती म्हणाली, "आरं, वल्या दोराला अशी गाठ मारत्यात व्हय? सुटंल की ती."

बरोबरच होतं तिचं. पण लोक हसले. वाघ आला तेव्हा पुन्हा — "पळतुया, पर गवत हालंना." तिला वाटलं, कौतुकानंच हसतायत. ती खुलली. मी खुर्चीत खाली सरकत होतो.

मध्यंतरात आमच्या ऑफिसातले साहेब समोर आले. हसत म्हणाले, "या मावशी तुमच्याबरोबर का?"

आणि मी — "नाही" म्हणालो. "शेजारी बसल्यात फक्त. मी ओळखत नाही." गलक्यात साहेबांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणालो.

उरलेला सिनेमाभर आक्का मांडीवर हात ठेवून गप्प बसली. तिला ऐकू गेलं नसेल, असं मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल?

दुसऱ्याच दिवशी ती निघाली. स्टँडवर बसची वाट बघताना शांतपणे म्हणाली, "कामाची बाई हाय म्हणायचं. वळखत न्हाई कशाला म्हनलास?"

मी काय बोललो? पाण्याची बाटली घेतलीस का, एवढंच.

ती पुन्हा साताऱ्याला आली नाही. मागच्या वर्षी गेली. दहाव्याला तिची सून सगळ्यांसमोर म्हणाली, "मामा, त्यो सिनेमा लय येळा सांगायच्या. माझ्या भावानं दावला म्हणायच्या." लोक माझ्याकडं कौतुकानं बघू लागले. मी मान डोलावली.

मधे सहा भाऊबीजा झाल्या होत्या. दरवेळी कुंडलला जाऊन पाटावर बसलो, तिच्याकडून ओवाळून घेतलं, आणि उठलो.