डान्सहॉल आणि आमची सुट्टी

शारजाच्या फ्लॅटमध्ये ते संगीत पहिल्यांदा दणाणलं तेव्हा मी ओरडलोच, "बंद कर ते, भिंती पडतील!"

तेरा वर्षांची लेक थांबली नाही. "इट्स डान्सहॉल, बाबा." रेगेचाच नाचरा प्रकार, जमैकाचा. तिकडच्या गरिबांना बड्या क्लबांच्या दारात कोणी उभं करत नसे, म्हणून ते आपल्याच साध्या हॉलमध्ये भलेमोठे स्पीकर लावून नाचत. त्या हॉलवरून संगीताला नाव पडलं. हे सगळं तिनं नाचता नाचताच इंग्रजीत ऐकवलं. फेब्रुवारीत शाळेच्या स्टेजवर तिचा ग्रुप हेच नाचणार होता आणि ती मधोमध असणार होती.

जानेवारीत, मंदीच्या लाटेत, माझी नोकरी गेली. मी ज्या टॉवरच्या बांधकामावर होतो, ते अर्ध्यावर थांबलं होतं. एचआरवाला म्हणाला, "सर, खलास. व्हिसा कॅन्सल करना पडेगा." महिन्याभरात देश सोडायचा होता.

त्या दिवसांत नोकरी गेलेलं आमच्यातलं कोणी 'कायमचे चाललो' म्हणत नसे. सगळे सुट्टीला जात. लिफ्टमध्ये घरभराचं सामान घेऊन भेटले तरी "परत कधी?" आणि "पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला." विचारणाऱ्यालाही सगळं ठाऊक असायचं. लेकीला मी तेच सांगितलं, पंधरा दिवस पुण्याला जाऊन येऊ म्हणून.

"तिला खरं सांगा हो," बायको म्हणाली.

"नाचू दे की तोवर," मी म्हणालो. मला वाटलं, मी दया दाखवतोय. खरं तर माझी छाती होत नव्हती.

लेकीनं नाचाचे बूट मैत्रिणीकडे ठेवले, उगाच ओझं नको म्हणून. विमानतळावर म्हणाली, "वी आर बॅक बिफोर द शो, राइट?" मी मान हलवली.

पुण्यात ती रोज गच्चीवर अनवाणी सराव करायची, मागे पडायला नको म्हणून. कानात इअरफोन, ओठांवर मोजणी. मी जिन्यात उभा राहून बघायचो आणि तसाच खाली यायचो. आजही त्याची लाज वाटते.

मग एका संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. लेकीच्या जागी दुसरी मुलगी घेतली होती. माझा व्हिसा गेल्याचं तिकडे शाळाभर झालं होतं.

"बाबा, यू न्यू?"

ते जमैकाचे लोक निदान बंद दार बघून आपल्या हॉलकडे वळले होते. हिला मी दारच दाखवलं नव्हतं. तिनं इअरफोन काढले, वायर नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

त्यानंतर ती कधी नाचली नाही.