उखळातलं शिसं

हसणार असाल तर चहा आधी खाली ठेवा. आता सांगतो तो शहाणपणा मी सख्ख्या बहिणीच्या लग्नात केलेला आहे.

आमचं गाव तेरजवळ, तेरणेच्या काठी. नवरदेव पलीकडच्या काठाचा. मी आणि माझा दोस्त गफूर, आम्ही फळ्या ठोकून एक नाव केली होती. नवरदेवाला तिच्यातून आणायचं, असा बेत. पण नाव पाण्यात सोडली की कुशीवर वळायची. तळाशी वजन हवं, एवढं आम्हाला कळलं. मी तालुक्याला शिकलेला, त्यामुळं वजन म्हणजे शिसं! ढोकीच्या एका मोटारवाल्याकडून जुन्या बॅटऱ्यांतलं आणलं.

दुसऱ्या दिवशी घाणा. सुवासिनी उखळात लग्नाची हळद कांडणार. त्याआधी सगळ्या बाया कासाराकडं बांगड्या भरायला गेल्या आणि घर मोकळं झालं. आम्ही परसात चूल पेटवून लोखंडी कढईत शिसं वितळवलं. आता ओतायचं कशात? ओसरीच्या जमिनीत पुरलेलं आईचं दगडी उखळ दिसलं. गोल, खोल, कोरडं.

"तुझी माय बोलंल ना बे," गफूर म्हणाला.

"गूळ निवला की ढेप सुटते का न्हाय? तसंच हे. ती यायच्या आत काढू."

ओतलं. निवलं. आणि सुटेना. सांडशी लावली, पहार लावली, शेवटी नखं लावली. ढेपेचा साचा पालथा घालतात, आणि उखळ तर जमिनीत, हे तेव्हा सुचलं.

"उद्या घाणा कशात भरणार?" गफूरनं हळूच विचारलं.

मी उखळाची कड चाचपून बघितली. पहारीनं उखळ चिरलं असेल तर? घाण्याचं उखळ फुटलं म्हटल्यावर नवऱ्याकडचे अपशकुन धरून बसतील, आणि अक्काचं लग्न माझ्यामुळं अडणार.

तेवढ्यात बाया आल्याच. चुलतीनं वाकून बघितलं आणि आईला म्हणाली, "जाऊबाई, तुमचं तर उखळ पांढरं झालं की!"

अक्का रडायला लागली. आईनं पदर खोचला आणि म्हणाली, "खणा."

आम्ही खणून उखळ बाहेर काढलं, पालथं घातलं. आईनं बुडावर मुसळाचे ठोके दिले. धप्पकन गोळा खाली! आईनं उखळ सुलटं करून त्यात पाणी ओतलं. आम्ही सगळे श्वास रोखून बघतोय. थेंबसुद्धा झिरपला नाही. अक्का रडतारडता हसली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

चिंच-राखेनं उखळ घासताघासता आईनं विचारलं, "कशाला पाहिजे व्हता हा गोळा?"

"नाव कलंडतीय. तळाशी वजन पाहिजे."

आईचा हात थांबला. "आन् रानात धोंडे कमी व्हते का रं?"

मी गफूरकडं बघितलं, गफूरनं आभाळाकडं.

"न्हायतर तूच बसायचं की तळाशी," आई म्हणाली. "एक धोंडा माझ्या पोटी जन्मलाच हाय."