चौकटीबाहेरची लाल पट्टी
सेक्टर फाइव्हमधल्या, म्हणजे कोलकात्याच्या आयटी वसाहतीतल्या, माझ्या पहिल्या नोकरीत मी सहा महिने प्रोबेशनवर होते. सहा महिन्यांनंतर मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे आमचा सीनियर ठरवणार होता. तिथल्या रीतीप्रमाणे त्याला सगळे दादा म्हणायचे. तिसऱ्या महिन्यात त्याने मला बाजूला घेतलं.

"काम चांगलं आहे तुझं. पण तू बोलत का नाहीस? फॉर्मवर 'कम्युनिकेशन'चा रकाना असतो. त्यात मी काय लिहू?"

मी मान हलवली.

"हेच लिहू?"

बाबांच्या बँकेतल्या बदलीने आम्हाला इथे आणलं तेव्हा मी सात वर्षांची होते. तेव्हापासून शाळेत इंग्रजी, बाहेर बंगाली आणि हिंदी, घरी मराठी. चारही भाषांत मी गप्प बसू शकते. "ऑफिसात तरी मिठाची गुळणी धरून बसू नकोस गं," आई रोज डबा देताना म्हणायची. मी "हं" म्हणायचे.

आम्ही उत्तर बंगालातल्या एका चहाच्या कारखान्यासाठी प्रोग्रॅम लिहीत होतो. चहा वाळवण्याच्या यंत्राचं, म्हणजे ड्रायरचं, तापमान स्क्रीनवरच्या खिडकीत आलेखाच्या रूपाने सरकत राहायचं आणि ते मर्यादेबाहेर गेलं की खिडकीच्या वरच्या कडेला लाल पट्टी यायची. सहाव्या महिन्यात, डेमोच्या दोन दिवस आधी, दादाला दिसलं की आलेखाची रेघ कधीकधी डावीकडच्या आकड्यांवर चढते.

उपाय मला माहीत होता. चित्र काढणाऱ्या लायब्ररीला, म्हणजे तयार कोडच्या संचाला, एक चौकट सांगायची. मग तिच्या बाहेर काहीही काढा, ते दिसत नाही. लायब्ररी तक्रार करत नाही, चूक दाखवत नाही. ऐकून घेते आणि गाळून टाकते. मला हा स्वभाव फार आवडायचा.

मी आलेखापुरती चौकट ठरवली, रेघ आत राहिली. आदल्या दिवशीचे थंड, मर्यादेच्या आतले आकडे घालून तपासलं. दादा म्हणाला, "वा!" त्या आठवड्यात कोणीतरी मला उद्देशून बोललेला तो सर्वांत मोठा शब्द होता.

डेमोसाठी कारखान्याचे मॅनेजर रात्रभर गाडीत बसून आले. सियालदह स्टेशनवर उतरून, टॅक्सीने थेट ऑफिसात. साठीचे, स्वेटर घातलेले, अतिशय सभ्य गृहस्थ. दादाने तापमान वाढत जाणारे आकडे सोडले. रेघ चढत गेली, मर्यादेच्या खुणेपलीकडे गेली. पट्टी आली नाही.

दादा स्क्रीनकडे पाठ करून बोलत होता. "देखिए, लाल पट्टी नहीं है, मतलब सब ठीक है."

मॅनेजरांनी चहाचा घोट घेतला आणि मान डोलावली.

मला तेव्हाच कळलं. चौकट ठरवली की ती आपण हटवेपर्यंत तशीच राहते. रेघ काढून झाल्यावर मी ती हटवलीच नव्हती. डावीकडचे आकडे सुरुवातीलाच काढून झाले होते, म्हणून ते शाबूत होते. पट्टी मात्र सर्वांत शेवटी निघायची, ती चौकटीबाहेर पडून नाहीशी होत होती. म्हणजे ड्रायर तापला होता, प्रोग्रॅमने तसं सांगितलंही होतं, फक्त कोणाला दिसत नव्हतं.

बोलले नाही, तर डेमो छान पार पडत होता. संध्याकाळी गुपचूप एक ओळ घातली असती, तर कोणाला पत्ताही लागला नसता. बोलले, तर ग्राहकासमोर चूक माझ्या नावावर लागणार होती आणि दादाचा फॉर्म पुढच्या आठवड्यात होता. मी त्या स्वेटरकडे पाहिलं. हा माणूस परत जाऊन आमच्या पट्टीच्या भरवशावर ड्रायर चालवणार होता.

"पट्टी है," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की दादाने एसीकडे पाहिलं. "दिख नहीं रही. मैंने काट दी है."

सगळे माझ्याकडे वळले. मॅनेजरांनी कप खाली ठेवला.

"मैं भी सोच रहा था," ते म्हणाले, "लकीर तो ऊपर चली गई. पर आप लोग पढ़े-लिखे हैं, बोलूँ कि न बोलूँ."

दुरुस्ती एका ओळीची होती: रेघ काढून झाली की चौकट हटवायची. सगळ्यांच्या देखत टाइप करताना माझी बोटं तीनदा चुकली. मग आकडे पुन्हा सोडले आणि खिडकीवर लाल पट्टी आली, चांगली ठसठशीत. धोक्याची सूचना पाहून इतका खूश झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. "हमारे यहाँ तो पहले आग दिखती है," ते म्हणाले, "पट्टी बाद में."

दादा दिवसभर माझ्याशी बोलला नाही. गप्प बसणं समोरून कसं दिसतं, ते मला पहिल्यांदाच कळलं.

पुढच्या आठवड्यात फॉर्मची छापील प्रत हातात आली. कायम केल्याचा शिक्का होता. 'कम्युनिकेशन'च्या रकान्यात दादाने बरंच लिहिलं असावं, पण रकाना लहान होता आणि छापताना त्यात मावलं तेवढंच उतरलं होतं: "फारसं बोलत नाही, पण जेव्हा". पुढे रकान्याची रेघ.

दोन दिवस मी तो कागद बॅगेत घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी दादाच्या टेबलापाशी गेले आणि त्याने विचारायच्या आत म्हणाले, "दादा, पुढे काय लिहिलं होतं?"

त्याने कागद घेतला, लांब धरून वाचला.

"आठवत नाही," तो म्हणाला. "पण हे कोणी छापलं? चौकट नीट करायला सांग त्यांना. तू जा, तूच बोल."