वचनांची वही आणि खाडीची चित्रं

“ह्यावर एक ओळ आहे,” असं म्हणून आमच्या चाळीत एकटे राहणारे ते कारकून कोटाच्या खिशातून वही काढत आणि आम्ही मुंबईच्या फणसवाडीतली माणसं काढता पाय घेत असू.

वहीत कवितांच्या ओळी, थोरांची वचनं, सगळं विषयवार. नळ कोरडा पडला की धीरावरची ओळ. माझी बढती हुकली तेव्हा समाधानावरच्या चार ओळी त्यांनी ऐकवल्या. ज्याला बढती मिळाली त्यालाही त्याच चार ऐकवल्या होत्या, हे मागाहून कळलं.

रविवारी ते निसर्गचित्रं काढत. खाडी, माड, कौलारू घर. तुम्ही पाहिली असतीत तर म्हणाला असतात, एकच चित्र चाळीसदा काढलंय. माणूस एकातही नाही. “माणसं आली की गाव बिघडतं,” ते म्हणत. भावाशी भांडून गावच्या त्या घरातून निघाल्याला वीस वर्षं झाली होती. इतक्या ओढीनं घर रंगवणाऱ्याला बोटीचं तिकीट काढायला कुणी अडवलं होतं, याचा खुलासा वहीतही नसावा.

पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. आमच्या चाळीतले शिंपी मोर्चाला गेले आणि गोळी लागून वारले. त्यांची बायको भिंतीला टेकून बसली होती. आम्हा शहाण्यांना काही सुचेना, तेव्हा ज्यांना एरवी टाळायचो त्यांनाच पुढे ढकललं.

त्यांनी वही उघडली. पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली. मग ती मिटून म्हणाले, “वहिनी, यात काही नाही.” आणि दिवेलागणीपर्यंत तिथेच जमिनीवर बसून राहिले.

तेराव्यानंतर ते वहिनींकडे एक चित्र घेऊन गेले. थट्टेला विषय मिळेल म्हणून मीही मागोमाग गेलो. तीच खाडी, तेच माड. पण काठावर शिंपी उभे. माणसं काढायची सवय नसल्यानं ते माडाएवढे झाले होते. मी हसू दाबलं.

वहिनींनी चित्र उजेडाकडे धरून पाहिलं. म्हणाल्या, “डावा खांदा जरा उतरता होता. मशीनवर वाकून वाकून.”

ते रंग घेऊन आले आणि तिथेच खांदा उतरवू लागले. “एवढा?”

“अजून थोडा.”

मला तिथे उभं राहवेना.

राज्य झालं त्या वर्षी ते निवृत्त होऊन गावी गेले. भाऊ तोवर उरला नव्हता. त्यांचं पत्र कधी आलं नाही. चित्र वहिनींच्या भिंतीवर आहे. कपडे शिवायला टाकायला आलेलं कुणी नवखं विचारतं, हा माणूस एवढा मोठा का काढलाय?

वहिनी शिलाईवरची नजर न काढता सांगतात, “तेवढेच होते ते.”