रस्त्याकडचा काळा चढ

जटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला, आमच्या गावात, रविवारी चर्च सुटलं की माणसं देवाला विसरतात आणि गाडीत बसून दुसऱ्यांची शेतं बघत फिरतात. नांगरट काळीभोर दिसली की तो माणूस सज्जन. मग घरी कसाही वागो.

या हिशेबाने लॉरिट्स संतच. सातू निघाला की लगेच रान काळं करायचा. रेताड जमीन हिवाळाभर उघडी, पावसात तिचा कस वाहून जायचा, आणि वारा सुटला की उरलेली माती रस्त्यापलीकडच्या थिराबाईंच्या वाळत घातलेल्या चादरींवर. रानही त्यांचंच, लॉरिट्स खंडाने कसायचा. ते गेलं असतं तर त्याला गाई विकाव्या लागल्या असत्या.

एका ऑगस्टमध्ये बाई बांधावर आल्या. वय ऐंशीचं, जीभ विशीची.

"लॉरिट्स, माझं रान माझ्याच अंथरुणात येऊन झोपतंय. यंदा सातूमागे चाऱ्याचा मुळा पेर. हिवाळाभर जमीन झाकलेली राहू दे, नाहीतर रान दुसऱ्याला देते."

"लोक म्हणतील, लॉरिट्स आळशी झाला."

"म्हणू देत. लोक माझ्या चादरी धूत नाहीत."

पेरला बिचाऱ्याने. मुळा गुडघ्याला लागला. रविवारी शेजारच्या शेतकऱ्याने, एयनारने, गाडीची काच खाली करून विचारलं, "काय रे, नांगर विकलास की काय?" लॉरिट्सला ते झोंबलं. मग त्याने जे केलं ते आमच्याच गावचा माणूस करू जाणे. रस्त्याकडून रानाला चढ आहे, गाडीतून तेवढाच दिसतो. तेवढा चढ नांगरून काळा केला. मागे मुळा, पुढे इज्जत. पुढच्या रविवारी गाव खूश.

मार्चमध्ये वादळ झालं, तेही रविवारी. चढावरची माती उडून रस्त्यावर आली आणि चर्चला निघालेल्या गाड्या तिच्यात रुतल्या. सगळे उतरून वर गेले. थंडीने मेलेला मुळा आडवा पडला होता, पण त्याखालची माती जागची हलली नव्हती. सोंग उघडं पडलं.

थिराबाई फावडं घेऊन आल्या. लॉरिट्सने टोपी काढली. "बाई, चुकलो. पण रान काढून घेऊ नका."

गावासमोर असं म्हणताना त्याचा आवाज फाटला. मला हसू येत होतं, ते तिथेच विरलं.

बाईंनी फावडं त्याच्या हातात दिलं. "रान ठेव. आधी ही माती परत वर टाक. आणि पुढच्या वेळी मुळा थेट रस्त्यापासून पेर."

तो माती ओढू लागला. थोड्या वेळाने एयनारही गाडीतलं फावडं काढून शेजारी वाकला.

"लॉरिट्स, ते मुळ्याचं बी कुठून आणलंस?"

"हळू विचार," लॉरिट्स म्हणाला. "लोक ऐकतील."