चुकून शिवणाऱ्या आत्याबाई

माझे शिक्षण देवासच्या शाळेत मराठी चौथीपर्यंत. ऱ्हस्वदीर्घाचे मला कधी जमले नाही, आणि अक्षर असे की वडील म्हणत, कोंबडी तरी ओळ धरून चालते. तेव्हा ही वही कोणाच्या हाती पडलीच तर आधीच माफी मागते. ज्याबद्दल लिहायचे आहे ते बायका एकमेकींतसुद्धा कुजबुजत बोलतात. पण आत्याबाईंबद्दल लिहायचे तर ते वगळून चालत नाही. कारण सबंध धारमध्ये बायकांच्या पोटदुखीवर आमच्या आत्याबाईंइतका हक्क सांगणारे माणूस दुसरे झाले नाही. पोट दुखायचे दुसरीचे, पण दुखणे आत्याबाईंचे.

आत्याबाई म्हणजे माझ्या यजमानांच्या सख्ख्या आत्या. साठी उलटलेली, अंगावर विधवेचे लाल आलवण, आणि सोवळे इतके कडक की विहिरीवरून येताना कोणाचा पदर वाऱ्याने नुसता हलला तरी परत फिरून अंघोळ. आलवणाच्या पदराला सात-आठ गाठी असत. एकीत ओवा, एकीत सुंठ, एकीत बाळंतशेपा, एकीत हिंगाचा खडा. कोणत्या गाठीत काय हे त्यांना कधीच आठवत नसे, म्हणून प्रत्येक गाठ आधी जिभेला लावून पाहत. काढा झाला की तोही आधी स्वतः वाटीभर पीत. त्यामुळे गल्लीत पोट कोणाचेही दुखो, सगळ्यांत जास्त काढा आत्याबाईंच्याच पोटात जाई. प्रत्येकीची तिथी त्यांना पाठ. "कोपऱ्यावरच्या घरातली थोरली परवा पंचमीला बाहेर बसणार," असे त्या भर ओटीवर सांगत, आणि ओटीवरचे पुरुष एकदम आकाशाकडे बघू लागत.

या पुरुषांनाही त्यांनी सोडले नव्हते. त्यांचा नियमच होता, ज्याच्या घरात दुखणे त्यानेच कुटायचे. आमचे यजमान कचेरीत कारकून, डोक्याला पागोटे, चारचौघांत मान. पण महिन्यातून एकदा ते मागच्या पडवीत खलबत्ता घेऊन तीळ आणि सुंठ कुटत बसत. कोणी विचारले तर म्हणत, "जरा खोकला झालाय." शेजारच्यांनाही खोकला, समोरच्या मास्तरांनाही खोकला. एकदा मामंजी म्हणाले, "या गल्लीची हवाच वाईट." आत्याबाई आतून ओरडल्या, "हवा नाही रे, तुम्हा पुरुषांना लाज आहे. तिच्यावर औषध नाही माझ्याकडे!"

अशोकाची साल हवी असली की त्या आदल्या संध्याकाळी झाडापाशी सुपारी आणि अक्षता ठेवून त्याला आमंत्रण देत. झाड मात्र होते सरकारी बागेतले. पहारेकरी साल सोलू नका म्हणत धावत आला, "बई, यो राज को झाड हे, छाल मती छीलो!" आत्याबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भिया, झाड को मैं कल ही पूछके गई. वो कुछ बोला नहीं, तू काय को बोलता?" पहारेकरी झाडाकडे पाहत राहिला, मग हळूच म्हणाला, "म्हारी घरवाली के भी घणो दुखे. थोड़ी म्हने भी दई जाजो." पुढच्या महिन्यापासून कोयता तोच आणू लागला.

माझे दुखणे मात्र गल्लीत सगळ्यांत वाईट. मागल्या अंगणातल्या खोलीत मी बाहेर बसले की पहिले दोन दिवस नुसती गडबडा लोळत असे. सासूबाई अंगणातून म्हणत, "आम्हाला काय पोटं नव्हती? नखरे मेले!" काढा द्यायचा तर लांबून, भांडे जमिनीवर ठेवून. आत्याबाईंना ते कुठले पटायला! त्या भांडे घेऊन येत, दाराशी अडखळत आणि नेमक्या माझ्यावर येऊन पडत. "अगं बाई, शिवले की मी! आता अंघोळ करायचीच, तर संध्याकाळी एकदाच करते. मध्ये आणखी चारदा शिवणार, माझे नशीबच मेले तसे." की बसल्याच माझ्याजवळ. गरम विटेचा शेक द्यायचा, एरंडाचे पान तेल लावून, निखाऱ्यावर धरून पोटावर बांधायचे आणि वरून हात फिरवत राहायचे. दर महिन्याला, त्याच दारात, अशी चूक. सासूबाई विचारत, "वन्सं, डोळे गेले का तुमचे?" त्या म्हणत, "गेले हो वहिनी, पण महिन्यातून एकच दिवस."

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी नवरात्राच्या आधी सासूबाईंनी मामंजींना सांगितले, असली कण्हणारी सून घरात नको, अष्टमी झाली की देवासला पत्र टाका, बाप येऊन घेऊन जाईल. घेऊन जाईल म्हणजे काय, ते मला कळत होते. गल्लीतल्या एकीला असेच नेले होते, आणि तिच्या जागी दुसरी आलीही होती.

आणि माझी पाळी नेमकी अष्टमीला, चार दिवस आधीच आली. कुळाचाराचा नैवेद्य चाळीस वर्षे आत्याबाईंच्या हातचा. पुरणाला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. मी तोंडात पदर कोंबून पडले होते, कण्हणे ऐकू जाऊ नये म्हणून. तरी त्या आल्या, तशाच ओलेत्या. मी म्हटले, "आत्याबाई, आज नको." त्या अडखळल्या नाहीत, पडल्या नाहीत. सरळ माझ्याजवळ बसल्या आणि पोटावर हात ठेवला.

सासूबाई अंगणात किंचाळल्या, "वन्सं! नैवेद्य!"

"डाळ शिजली आहे, पुरण तुम्ही वाटा."

"अंघोळ करून या म्हणते मी!"

"आधी हिचे पोट थांबू दे. आणि वहिनी, हिला देवासला पाठवणार असाल तर गाडीत मलाही घाला. नखरे म्हणता, तर तुम्ही बाजेचा खूर चावायचात ते काय होते? दात उमटलेला खूर मी पाहिलाय. तेव्हा अडखळायचे मला धाडस नव्हते."

सासूबाई पुरण वाटायला आत गेल्या. नैवेद्य उशिरा झाला, पुरणात गूळ कमी पडला, देवीने चालवून घेतले. दुपार कलल्यावर दाराशी भांडे आपटले. तिळाचा काढा होता, सासूबाईंच्या हातचा. आत्याबाईंनी सवयीने आधी वाटीभर पिऊन तोंड वाकडे केले, "हिंग फार झालाय." सासूबाई बाहेरच उभ्या होत्या. म्हणाल्या, "पहिल्यांदाच केलाय. मला कधी कोणी दिला नव्हता." मग त्या बऱ्याच वेळाने गेल्या. देवासच्या पत्राचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

आत्याबाई पुढे तीनच वर्षे होत्या. आता दर महिन्याला काढा सासूबाई करतात, न चुकता, आणि आता त्यात हिंगही बेताचा असतो. भांडे लांबून ठेवतात आणि अंगणात थांबून विचारतात, "उतरलं का गं?" मी हो म्हणते, आणि खरेच उतरते. फक्त ते उतरेपर्यंत पोटावर कोणाचा हात नसतो.